घटक ५ : मानवी हक्कांची तक्रार – अर्जापासून अंमलबजावणीपर्यंत

५.० उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :

• मानवी हक्क आयोगाची रचना, अधिकार आणि मर्यादा स्पष्ट करता येतील.
• गावातील एखादी तक्रार आयोगापर्यंत कशी पोहोचते आणि वाटेत कोठे अडते, हे सांगता येईल.
• ‘शिफारस’ आणि ‘आदेश’ यांतील फरक उदाहरणांसह विशद करता येईल.
• तक्रार-निवारणाच्या व्यवस्थेत कोणत्या सुधारणा आवश्यक आहेत, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.
• मानवी हक्कभंगाचा तक्रार-अर्ज नेमक्या मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मानवी हक्कांचा विचार करताना १९४८ सालच्या डिसेंबर महिन्यातील दोन लागोपाठचे दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिस येथे मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबरला, दिल्लीत संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आजच्या कलम ३२ विषयी बोलत होते. हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येईल, अशी हमी हे कलम देते. या कलमाला त्यांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. जाहीरनाम्याने हक्कांची यादी दिली. बाबासाहेबांनी त्या यादीपेक्षाही दाद मागण्याच्या वाटेला अधिक महत्त्व दिले. प्रस्तुत घटकाचा विषय ही वाट आहे.

ही वाट किती लांब असावी, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आणि परभणीतील परतूर तालुका जोडला जाऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद येथील कामकाज सुरू झाले. पुढे १९८४ मध्ये तेथे कायमस्वरूपी खंडपीठ स्थापन झाले. जालन्याच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी सुमारे चारशे किलोमीटरवरील मुंबई गाठावी लागत असे. आता साठेक किलोमीटरवर भागू लागले. अंतर हाच न्यायातील एक अडथळा आहे, हे शासनाने आणि न्यायसंस्थेने त्या वर्षी कृतीने मान्य केले. मानवी हक्कांच्या तक्रारीबाबत मात्र ही मान्यता अद्याप पुरती मिळालेली नाही. ती का मिळायला हवी, हे आता क्रमाने पाहू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ आयोगाची रचना आणि अधिकार

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ हा २८ सप्टेंबर १९९३ पासून लागू झाला आणि १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे काम २००१ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. या अधिनियमानुसार मानवी हक्क म्हणजे व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असे हक्क, की जे संविधानाने हमी दिलेले आहेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असून भारतातील न्यायालयांमार्फत अंमलात आणता येतात.

आयोग कोणत्या तक्रारींची चौकशी करतो? कलम १२ नुसार दोन प्रकारच्या : (अ) मानवी हक्कांचे उल्लंघन झाले किंवा त्यास चिथावणी दिली गेली, (आ) असे उल्लंघन रोखण्यात लोकसेवकाने हयगय केली. यांपैकी दुसरा प्रकार सामान्य माणसाच्या विशेष उपयोगाचा आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल. तक्रार नसतानाही आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे, शपथेवर जबाब घेणे ही कामे तो करू शकतो.

मात्र चौकशी संपल्यावर आयोगाच्या हाती काय उरते? कलम १८ नुसार तो नुकसानभरपाईची किंवा संबंधितांवर खटला भरण्याची शिफारस शासनाला करू शकतो. तात्पुरते साहाय्य सुचवू शकतो. आणि आवश्यक वाटल्यास सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जाऊ शकतो. शिफारस मिळाल्यापासून एक महिन्यात, किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत, शासनाने केलेल्या कार्यवाहीसह आपले म्हणणे कळवावे, असे अधिनियम सांगतो. ते न कळवल्यास दंड मात्र सांगितलेला नाही.

याशिवाय कलम ३६ ची मर्यादा आहे. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यास आयोगाला चौकशी करता येत नाही.

५.२.२ गाव ते आयोग : तक्रारीचा प्रवास

एक कल्पित, पण जालना जिल्ह्यात अपरिचित न वाटणारे उदाहरण घेऊ. मंठा तालुक्यातील एक जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले. हंगाम संपला. ‘उचल फिटली नाही’ असे सांगून मुकादमाने पतीला तेथेच अडकवून ठेवले. पत्नी लेकरांना घेऊन गावी परतली आणि जवळच्या पोलीस ठाण्यात गेली. तेथे तिला सांगण्यात आले, ‘हा प्रकार आमच्या हद्दीतला नाही.’ ती दोनदा गेली, दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतली.

आता विचार करा : येथे कोणाचा कोणता हक्क डावलला गेला? पतीचे व्यक्तिस्वातंत्र्य हिरावले गेले (कलम २१). कर्जाच्या बदल्यात सक्तीने राबवून घेण्यास संविधानाच्या कलम २३ ने मनाई केली आहे आणि वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ने तो गुन्हा ठरवला आहे. पण मुकादम हा लोकसेवक नव्हे. पत्नीने आयोगाला ‘मुकादम आमच्या पैशांवरून त्रास देतो’ एवढेच लिहिले, तर तो खासगी व्यवहाराचा किंवा मजुरीचा वाद समजून अर्ज निकाली निघण्याची शक्यता मोठी आहे. कारण दिवाणी स्वरूपाचे वाद, सेवाविषयक व औद्योगिक तंटे, निनावी, संदिग्ध किंवा न्यायप्रविष्ट प्रकरणे आयोग सामान्यतः स्वीकारत नाही.

तीच हकीकत दुसऱ्या बाजूने पाहा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. म्हणजे ‘हद्द नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नव्हते. पोलिसांनी नोंद नाकारली, ही लोकसेवकाची हयगय झाली. आणि ती थेट आयोगाच्या कक्षेत येते. घटना एकच, स्त्री तीच. अर्जातील एका वाक्याच्या फरकाने दार उघडते किंवा बंद होते.

परंतु दार उघडल्यावरही प्रवास सरळ नसतो. तक्रार आल्यावर आयोग बहुधा संबंधित शासकीय यंत्रणेकडून अहवाल मागवतो. पोलिसांविरुद्धची तक्रार असेल, तर अहवालाची मागणी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे जाते आणि तेथून पुन्हा खालच्या अधिकाऱ्याकडे. जालन्याहून मुंबईला गेलेला कागद अशा रीतीने जालन्यालाच परत येतो आणि ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच खात्याच्या लेखणीने उत्तर लिहिले जाते. आयोगाला स्वतःचा तपास विभाग असतो. पण त्यातील पोलीस अधिकारी व कर्मचारी शासनानेच उपलब्ध करून द्यायचे असतात. पोलिसांच्या तपासाला पोलिसांनीच पारखणे हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि पुन्हा २०२४ मध्ये भारताच्या आयोगाचे मानांकन लांबणीवर टाकले. त्यावेळी तपासातील पोलिसांच्या सहभागाचा मुद्दाही पुढे आला होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
खालील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
१. आयोग केवळ तक्रार आल्यावरच दखल घेऊ शकतो.
२. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही.
३. गुन्हा घडला त्याच हद्दीतील ठाण्यात माहिती देणे बंधनकारक आहे.

५.२.३ शिफारस आणि आदेश

या घटकातील मध्यवर्ती प्रश्न हा की, आयोगाची शिफारस शासनाने मानलीच पाहिजे का? सर्वोच्च न्यायालयापुढे मणिपूरमधील चकमकींचे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोगाने स्वतःलाच दात नसलेल्या वाघाची उपमा दिली होती. २०१७ च्या निकालपत्रात न्यायालयाने तिची नोंद घेतली. उलट, मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी असे ठरवले की, आयोगाची शिफारस शासनावर बंधनकारक आहे. ती मान्य नसेल तर शासनाने न्यायालयात आव्हान द्यावे, फाईल मात्र दाबून ठेवू नये. हा निकाल एका उच्च न्यायालयाचा आहे. अधिनियमातील शब्द अजूनही ‘शिफारस’ हाच आहे.

या फरकाचा अर्थ शेजारच्या परभणी जिल्ह्यातील घटनेवरून उमगतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर अशांतता उसळली. त्यात अटक झालेल्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगापुढे गेला आणि आयोगाने संबंधितांना नोटिसा काढल्या. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मात्र ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने दिला. त्या तरुणाच्या आईने तेथे दाद मागितली होती. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. चौकशी, नोटीस आणि आदेश ही तीन वेगवेगळी पावले आहेत, हे येथे स्पष्ट दिसते. मराठवाड्यात उच्च न्यायालयाचे खंडपीठ नसते, तर त्या कुटुंबाचा मार्ग किती अवघड झाला असता, याचाही विचार करा.

जालना जिल्ह्यातील एक घटना आणखी वेगळी बाजू दाखवते. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठीमार केला. नागरिक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. त्यानंतर काही दिवसांतच जिल्हा पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तत्कालीन गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली. त्या घटनेच्या राजकीय बाजूंविषयी मतभेद असू शकतात. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने निरीक्षण एवढेच की, ही पावले तक्रार-निवारणाच्या यंत्रणेतून आली नाहीत. अवघ्या राज्याचे लक्ष वेधले गेल्यामुळे ती आली. मंठ्याच्या त्या एकट्या बाईकडे कोणाचे लक्ष असणार? ज्याच्यामागे जमाव नाही, त्याच्यासाठीच नियमाने चालणारी यंत्रणा लागते.

येथे एक सावधगिरीही हवी. शिफारशीला आदेशाचे रूप दिले की सारे साधेल, असे नाही. युगांडाच्या १९९५ च्या संविधानाने तेथील मानवी हक्क आयोगाला नुकसानभरपाईचा आणि डांबून ठेवलेल्या व्यक्तीच्या सुटकेचा आदेश देण्याचा अधिकार दिला. तरी भरपाईच्या रकमा शासनाकडे दीर्घकाळ थकत राहिल्या. शिवाय आरोप असलेल्या अधिकाऱ्यालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे. आपल्या अधिनियमाचे कलम १६ तो देते. म्हणून बंधनकारकता हवी, तशी न्याय्य सुनावणी आणि वसुलीची व्यवस्थाही हवी.

५.२.४ जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या यंत्रणा

आयोग हे तक्रारीचे एकमेव ठिकाण नव्हे. पुढील यंत्रणा जिल्ह्यात किंवा विभागात उपलब्ध आहेत :

१. मानवी हक्क न्यायालय : मानवी हक्कभंगातून उद्भवणाऱ्या गुन्ह्यांचा जलद निवाडा व्हावा म्हणून राज्य शासनाला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीने प्रत्येक जिल्ह्यातील सत्र न्यायालयास असा दर्जा देता येतो (कलम ३०). तथापि ‘मानवी हक्कभंगातून उद्भवणारा गुन्हा’ कोणता आणि न्यायालयाने त्याची दखल कशी घ्यावी, हे अधिनियमाने स्पष्ट केलेले नाही.

२. पोलीस तक्रार प्राधिकरण : प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर प्राधिकरणे स्थापण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यातील दुरुस्तीने राज्य आणि विभाग या पातळ्या स्वीकारल्या; जिल्ह्याची पातळी वगळली गेली.

३. जिल्हा दक्षता व संनियंत्रण समिती : अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घेणे आवश्यक आहे. वेठबिगारीसाठीही १९७६ च्या अधिनियमानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात.

४. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : १९८७ च्या अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती, तसेच जातीय अत्याचार वा दुष्काळ यांचे बळी यांना येथे मोफत वकील मिळतो. आपल्या उदाहरणातील स्त्री येथे निश्चितपणे पात्र ठरते. अडकवून ठेवलेल्या पतीसाठी खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करण्याची वाटही येथूनच निघते आणि तातडीच्या प्रसंगी तीच सर्वांत जवळची असते.

५.२.५ सुधारणांची दिशा

वरील विवेचनावरून तीन सूत्रे निघतात : पोहोच, मुदत आणि उत्तरदायित्व.

पोहोच : विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आयोगासाठीच्या तक्रारी स्वीकारून तेथेच आवक क्रमांक द्यावा आणि एक वर्षाची मुदत मोजताना तोच दिनांक धरावा. आयोगाने तसेच विभागीय पोलीस प्राधिकरणाने जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी सुनावणी घ्यावी. मजूर तारखेला मुंबईस गेला, तर भाड्यासह दोन-तीन दिवसांची मजुरीही बुडते.

मुदत : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना कालमर्यादा आहे, अपिलाची सोय आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती आहे. तहसिलीतील दाखल्यासाठी शासनाने जे बंधन स्वतःवर घालून घेतले, ते माणसाच्या स्वातंत्र्याविषयीच्या तक्रारीसाठी घालून घेण्यास तत्त्वतः अडचण नसावी. यासाठी आयोगातील पदे वेळेवर भरली गेली पाहिजेत. डी. के. बसू प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदे तीन महिन्यांत भरण्याचे निर्देश राज्यांना दिले होते.

उत्तरदायित्व : शिफारस नाकारायची असेल तर शासनाने लेखी कारणे द्यावीत आणि ती तक्रारदाराला कळवावीत; ठरावीक मुदतीत कारणे दिली नाहीत किंवा न्यायालयात आव्हान दिले नाही, तर शिफारस आदेश म्हणून अंमलात यावी. याचे बीज अधिनियमात आहेच. आयोगाचा वार्षिक अहवाल, न स्वीकारलेल्या शिफारशींच्या कारणांसह, विधिमंडळापुढे ठेवावा असे कलम २८ सांगते. पण सभागृहाला मिळणारे उत्तर मंठ्यापर्यंत पोहोचत नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा अहवालही त्याच पोलीस घटकाकडून न मागवता बाहेरच्या अधिकाऱ्याकडून मागवला पाहिजे.

५.२.६ तक्रार-अर्जाची भाषा

मराठीचे विद्यार्थी म्हणून आपला या विषयाशी निकटचा संबंध आहे. राष्ट्रीय आयोगाकडे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, विनाशुल्क तक्रार करता येते. पुढील दोन नमुने ताडून पाहा.

(अ) ‘आमच्यावर फार मोठा अन्याय झाला असून पोलीस आमचे काहीएक ऐकत नाहीत, तरी गरिबास न्याय द्यावा ही विनंती.’

(आ) ‘माझ्या पतीस मुकादमाने १० एप्रिलपासून डांबून ठेवले आहे. त्याची फिर्याद देण्यासाठी मी १४ एप्रिल रोजी सकाळी ११ वाजता आणि पुन्हा १६ एप्रिल रोजी पोलीस ठाण्यात गेले. दोन्ही वेळा ठाणे अंमलदारांनी हद्दीचे कारण सांगून नोंद केली नाही व पोच दिली नाही. पतीची सुटका व्हावी आणि नोंद नाकारल्याबद्दल चौकशी व्हावी, ही विनंती.’

पहिल्या अर्जात दुःख आहे, पण घटना नाही. दुसऱ्यात दिनांक, वेळ, स्थळ, लोकसेवकाचे पद, त्याची कृती आणि मागणी आहे. अर्ज प्रथमपुरुषी असावा, वाक्ये लहान असावीत, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे लिहावे, विशेषणे टाळावीत, सही, पत्ता व दिनांक विसरू नये. अर्जाची एक प्रत आणि पोच स्वतःजवळ ठेवावी.

५.३ सारांश

हक्क संविधानाने दिला, तरी तो हाती येतो तक्रारीच्या वाटेने. १९९३ च्या अधिनियमाने आयोग दिला; पण त्याचे अधिकार शिफारशीपाशी थांबतात, त्याचे कार्यालय दूर आहे आणि त्याचा तपास बहुतांशी ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच अहवालावर अवलंबून असतो. जिल्हा पातळीवरील यंत्रणा आहेत. त्या परस्परांशी जोडलेल्या नाहीत. पोहोच जवळ आणणे, मुदत बांधणे आणि शासनाला उत्तर देण्यास बांधील करणे ही सुधारणेची तीन अंगे होत. यांतील काहींसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. पण नेमका अर्ज लिहून देणे हे गावातल्या कोणाही शिकलेल्या माणसाला आजच शक्य आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

लोकसेवक : शासकीय कर्तव्य बजावणारी व्यक्ती.
हयगय : कर्तव्य पार पाडण्यात केलेला निष्काळजीपणा.
बंदी प्रत्यक्षीकरण : डांबून ठेवलेल्या व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश.
न्यायप्रविष्ट : न्यायालयात निर्णयासाठी प्रलंबित असलेले.
पोच : अर्ज मिळाल्याची लेखी नोंद.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. चूक (आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो). २. बरोबर. ३. चूक (माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते).

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘शिफारस’ आणि ‘आदेश’ यांतील फरक परभणी व मद्रास येथील प्रकरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘अंतर हाच न्यायातील एक अडथळा आहे.’ जालना जिल्ह्याच्या संदर्भात चर्चा करा.
३. आयोगाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या तालुक्यातील विधी सेवा समितीस भेट द्या. तेथे अर्ज कोण लिहून देतो, पोच मिळते का आणि अर्जदाराला पुढची तारीख कशी कळते, याची माहिती घेऊन दोन पानी टिपण तयार करा. कोणत्याही अर्जदाराचे नाव टिपणात लिहू नका.